सीमाभागात टिकणारा उद्योग उभारताना: आधी वसुली, मग वाढ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात स्वतःचं काही सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कुणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एक सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन टाकून बसेल, कुणी गुळाचा ब्रँड काढेल, कुणी दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर लिहील. मी इथल्या लहान उद्योगांचे हिशेब आणि करविवरणं बघतो. वर्षानुवर्षं या वह्या चाळताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथला धंदा माल खपत नाही म्हणून बंद पडणं तसं कमीच. माल खपतो, ऑर्डर वाढते, पैसे मात्र बाहेर अडकतात आणि एके दिवशी पगार द्यायला खात्यात काही उरत नाही. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाभोवती लिहिली आहे: गेलेला रुपया किती दिवसांनी परत येतो?

पुण्या-बेंगळूरात स्टार्टअपबद्दल जे सल्ले दिले जातात, त्यांत बऱ्याच गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. करार झाला की पैसे ठरल्या तारखेला येतात, गुंतवणूकदार तासाभराच्या अंतरावर असतो, गिऱ्हाईक नवी वस्तू लगेच वापरून बघतं. आपल्याकडे यातलं थोडं आहे, बरंचसं अजून घडतं आहे. उलट आपल्याजवळ जे आहे ते त्यांच्याकडे नाही. तीन राज्यांचा बाजार आपल्या दाराशी आहे. बेळगावहून पुणे-बेंगळूर महामार्गाने कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत, हुबळी शंभरच्या आसपास, चोर्ला घाट उतरला की गोवा. चंदगड आणि गडहिंग्लजची माणसं खरेदीला आणि दवाखान्याला बेळगावातच येतात. ही आपली खरी ताकद आहे. पण माल जितका लांब जातो तितकी वसुलीही लांबते, हे विसरू नका.

पहिली पायरी: पैशाचं पंचांग मांडा

काय विकायचं हे ठरवण्याआधी तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते कागदावर लिहा. एका कोऱ्या पानावर बारा महिने आडवे मांडा आणि खाली नोंदी करत जा.

अथणी, रायबाग, चिकोडी, कागवाड हा उसाचा पट्टा. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्चच्या सुमारास उरकतं. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, प्रत्यक्षात बिलं कधी पडतात ते प्रत्येक गावाला ठाऊक असतं. या भागात ठिबकचा संच, ट्रॅक्टरचं अवजार, दुचाकी, सोनं, घराचा स्लॅब, सगळं ऊसबिलाकडे डोळे लावून असतं. तुमचं उत्पादन शेतकऱ्यासाठी असेल आणि तुम्ही ते जूनमध्ये बाजारात आणलंत, तर पुढचे काही महिने तुम्ही फक्त उधारी वाटत बसाल.

निपाणीत तंबाखू आणि विडीचं चक्र वेगळं चालतं. खानापुरात भात कापून झालं की हाताशी पैसा येतो, उन्हाळ्यात काजूचा हंगाम असतो, तर विटा-कौलांच्या भट्ट्यांचं काम पावसाळ्यात थंडावतं. गोव्याच्या हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साड्यांना लग्नसराई आणि दिवाळी लागते. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा इथल्या कारखानदारीला सणवार फारसा बाधत नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या वेळापत्रकावर ती चालते आणि मार्चअखेर तिथे पैशांची हालचाल वाढते.

पान भरून झालं की त्याखाली स्वतःचा खर्च लिहा. भाडं, पगार, हेस्कॉमचं वीजबिल आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरलेले असतात. ज्या महिन्यांत खर्च आहे आणि आवक नाही, ते महिने लाल पेनने रंगवा. तुमच्या भांडवलाचा पहिला अंदाज हाच. असे सलग चार महिने लाल निघाले तर चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय सुरुवात करू नका, किंवा दुसऱ्या हंगामाचं गिऱ्हाईक शोधा. ऊसपट्ट्याला अवजारं विकणाऱ्याने पावसाळ्यात दुरुस्तीचं काम धरावं, गोव्याला माल देणाऱ्याने पावसाळ्यासाठी हुबळी-धारवाडची खानावळ आणि वसतिगृहं धरावीत. हे जोडकाम मूळ धंद्याइतकंच मनापासून करायचं असतं.

दुसरी पायरी: आज कुणीतरी ज्याचे पैसे मोजतं आहे असं काम निवडा

या मातीत काय पिकतं आणि काय घडतं ते आधी नीट बघा. उद्यमबागेत ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सच्या सुट्या भागांची परंपरा आहे. हत्तरगीला एकूस कंपनीचा विमान-भागांचा विशेष आर्थिक क्षेत्र प्रकल्प २००९ पासून आहे. अथणी, निपाणी या भागांत कोल्हापुरी चपला घडवणारी कुटुंबं आहेत. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही घेतले गेले, हे आपल्याच भागातल्या अनेकांना माहीत नाही. गोकाकचा करदंट, बेळगावचा कुंदा, येळ्ळूरचा बासमती, यांना नाव आहे पण नीट पॅकिंग आणि लांबवर पोचणारी विक्री कमी हातांत आहे.

अशा साखळीत एखादी जागा शोधा जिथे आजही कुणीतरी पैसे मोजतं आणि तरी त्याचं समाधान होत नाही. कारखानदाराला विचारा, "कुठलं काम तुम्हाला अजून कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवावं लागतं?" गावच्या दुकानदाराला विचारा, "कोणता माल मागूनही वेळेवर येत नाही?" ही उत्तरं तुमच्या स्वतःच्या डोक्यातल्या कल्पनेपेक्षा भारी असतात.

अगदी नवी वस्तू आणायला माझी हरकत नाही, पण तिची किंमत ओळखून उतरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण आपल्या गावचंच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्म, १८८८ च्या सुमारास बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं आणि पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे म्युनिसिपालिटीने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाइकाच्या मनात तो उतरायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तग धरायला आधीचा चालता धंदा हाताशी असावा लागतो. तुमच्याकडे तो नसेल तर नवी वस्तू दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

तिसरी पायरी: होकार मोजू नका, आगाऊ रक्कम मोजा

आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. "छान आहे, सुरू करा, आम्ही आहोतच," हे वाक्य पाहुण्यारावळ्यांकडून, मित्रांकडून, तालमीतल्या जुन्या सवंगड्यांकडून हमखास मिळतं. त्यात खोटेपणा नसतो, प्रेम असतं. पण त्यावर कर्ज काढू नका.

दहा अनोळखी गिऱ्हाइकांकडे जा आणि थोडी का होईना, आगाऊ रक्कम मागा. मशीनिंगचं काम असेल तर नमुन्याचे दोन नग करून द्या आणि त्यांचंही बिल लावा. सॉफ्टवेअर असेल तर पहिल्या महिन्याची फी आधी घ्या. गुळाच्या ढेपा किंवा लोणचं असेल तर माल मोजून द्या आणि पैसे त्याच वेळी घ्या, "विकलं की देतो" या बोलीवर ठेवू नका. दहांतल्या तिघा-चौघांनी खिशात हात घातला तर पुढे चला. एकानेही घातला नाही तर दर, वस्तू किंवा गिऱ्हाईक, यांतलं काहीतरी बदला आणि पुन्हा फिरा. यात एखादा महिना गेला तरी चालेल.

चौथी पायरी: उधारीचं गणित वाढीच्या आधी करा

इथे जरा थांबून आकडे बघूया. बेळगावच्या आसपासच्या गावांतली भाजी गोव्याला जाते हे सगळ्यांना माहीत आहे. समजा दोन मैत्रिणींनी ठरवलं की कडोली-येळ्ळूर भागातून भाजी घ्यायची, निवडून, प्रतवारी करून, क्रेटमध्ये भरून पहाटे चोर्ल्याने गोव्याच्या हॉटेलांना पोचवायची. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.

रोजची खरेदी ३०,००० रुपये. गाडी, क्रेट, हमाली आणि निवडणाऱ्या बायकांची मजुरी मिळून ६,०००. एकूण खर्च ३६,०००. हॉटेलांना बिल ४०,०००. म्हणजे रोज ४,००० आणि महिन्याला १,२०,००० रुपये नफा. ऐकायला चांगलं वाटतं.

आता हॉटेलं ४५ दिवसांनी पैसे देतात आणि शेतकऱ्याला रोख द्यायची आहे. रोजचे ३६,००० गुणिले ४५ दिवस, म्हणजे १६,२०,००० रुपये कायम रस्त्यावर. हे पैसे कुठल्याही बोर्डवर दिसत नाहीत, यंत्रसामग्रीच्या यादीत येत नाहीत, म्हणून प्रकल्प अहवालात बहुतेकांचे सुटतात. पतसंस्थेकडून १८ टक्क्यांनी हे पैसे उचलले तर महिन्याला २४,३०० रुपये व्याज, म्हणजे नफ्यातला पाचवा हिस्सा.

आणखी पुढे. धंदा चांगला चालला म्हणून विक्री दुप्पट करायची ठरवली, तर आणखी १६,२०,००० लागतील. सगळा नफा धंद्यातच ठेवला, घरी एक रुपया नेला नाही आणि व्याजही नाही असं धरलं, तरी तेवढे साठायला साडेतेरा महिने. एखादं हॉटेल दोन लाख थकवून बंद झालं तर पन्नास दिवसांची कमाई गेली. हेच पैसे १५ दिवसांत येत असतील तर बाहेर फक्त ५,४०,००० राहतात आणि दुप्पट व्हायला साडेचार महिने पुरतात. भाजी तीच, मेहनत तीच.

यावरून तीन निर्णय सुचतात. पहिला, दोन दर ठेवा: सात दिवसांत पैसे देणाऱ्याला एक, तीस दिवसांनी देणाऱ्याला दुसरा, दीड-दोन टक्क्यांनी जास्त. हे दर पहिल्याच भेटीत, पहिल्याच कागदावर सांगा, नंतर सांगितलं तर वाद होतो. दुसरा, गिऱ्हाइकांची सरमिसळ करा. मोठी हॉटेलं नाव देतात पण पैसे उशिरा देतात, लहान खानावळी, मेस आणि किराणावाले रोज किंवा आठवड्याला देतात. विक्रीचा निम्मा भाग तरी झटपट पैसे देणाऱ्यांकडून यावा. तिसरा निर्णय माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे: हॉटेलची उधारी शेतकऱ्याच्या अंगावर ढकलू नका. ज्याने मिरची तोडून दिली त्याचे पैसे थकवून उभा राहिलेला धंदा पुढच्या हंगामात मालाला मुकतो, आणि ते रास्तही आहे. आठवड्याला हिशेब करायचा असेल तर तसं आधी ठरवा, वार ठरवा आणि तो वार पाळा.

पाचवी पायरी: सीमेवरचे कागद

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले. कोगनोळीला ट्रकांची रांग लावून कागद दाखवण्याचा तो काळ संपला, आपल्या भागाला याचा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला. तरी कागदोपत्री सीमा कायम आहे. कर्नाटकाचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने, गोव्याचा ३० ने. चंदगडला किंवा कागलला गोदाम उघडलंत तर महाराष्ट्राची वेगळी नोंदणी लागते, जरी ते गोदाम तुमच्या घरापासून तासाभरावर असलं तरी.

सीमाभागात अनेकजण ज्यात अडकतात ती गोष्ट म्हणजे कंपोझिशन योजना. लहान उत्पादकाला आणि व्यापाऱ्याला ती सोयीची वाटते, कमी कर, कमी विवरणं. पण या योजनेत असताना दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. बेळगावातल्या मिठाईवाल्याने कोल्हापूरच्या दुकानदाराला माल पाठवला की अट मोडली. तुमचा बाजार जर महाराष्ट्रात किंवा गोव्यात असेल तर नेहमीचीच नोंदणी घ्या. तसंच, एरवी माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे म्हणून नोंदणीशिवाय करपात्र माल परराज्यात पाठवू नका, तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना आणि सेवांना सवलत आहे, ती तुमच्या बाबतीत लागू होते का हे सल्लागाराला नेमकं विचारा. ताजी भाजी करमुक्त आहे. करपात्र माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर परराज्यात पाठवताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) आधी काढा, गाडी संकेश्वर ओलांडल्यावर नव्हे.

आता वसुलीशी थेट जोडलेली बाब. जीएसटी बिल फाडल्यावर भरावा लागतो, पैसे आल्यावर नाही. तुम्ही २८ तारखेला एक लाखाच्या मशीनिंगचं बिल केलंत, त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० कर. दरमहा विवरण भरत असाल तर पुढच्या २० तारखेपर्यंत तो भरायचा. कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट जाऊन जे उरेल ते तुमच्या खिशातून. गिऱ्हाईक ७५ दिवसांनी पैसे देणार असेल तर दरम्यान तुम्ही त्याचाही कर उधार दिलेला असतो. नफा ठरवताना हे लक्षात घ्या.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करा. ती ऑनलाइन आहे आणि मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही नियम आला: अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मोठ्या गिऱ्हाइकाचा लेखापाल हे जाणतो. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस थकबाकीची यादी उद्यम क्रमांकासह त्याला पाठवा, मार्चमध्ये पैसे सुटण्याची शक्यता वाढते. नुसत्या व्यापाऱ्याला, म्हणजे विकत घेऊन विकणाऱ्याला, या मुदतीचं संरक्षण नाही. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यालाच आहे.

बाकीचे कागद थोडक्यात. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, दुकान असेल तर दुकान-आस्थापनेची आणि पालिकेचा किंवा पंचायतीचा व्यापार परवाना. शेड शेतजमिनीवर टाकत असाल तर बिनशेती झाल्याचा कागद आधी बघा, तो नसेल तर बँक पुढे सरकत नाही. भागीदारी भावाभावांत असली तरी करारपत्र करा, त्यात कुणी किती पैसे घातले, कुणी किती वेळ द्यायचा आणि एखाद्याला बाहेर पडायचं झालं तर हिशेब कसा करायचा, एवढं असू द्या.

सहावी पायरी: उधारीची वही कशी चालवायची

वही म्हणा, एक्सेल म्हणा, टॅली म्हणा. रकाने चारच लागतात: गिऱ्हाईक, बिलाची तारीख, रक्कम, किती दिवस झाले. दर शनिवारी सकाळी ही यादी दिवसांच्या क्रमाने लावा, सगळ्यांत जुनं बिल वर. तीस दिवसांच्या आतलं एका रंगात, तीस ते साठ दुसऱ्यात, साठच्या पुढचं लाल. मालकाने स्वतः बघायचं, हे काम पोरावर सोपवायचं नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन मर्यादा घाला, रकमेची आणि दिवसांची. यांतली एक ओलांडली की पुढचा माल थांबवायचा. हा नियम नात्यातल्या माणसालाही लावायचा, नाहीतर तो नियमच राहत नाही. एकाच गिऱ्हाइकाकडे एकूण विक्रीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. उद्यमबागेत एका बड्या कंपनीच्या जॉबवर्कवर (तिच्या मालावर करून दिलेल्या कामावर) उभी असलेली शेड मी पाहिली आहे, कंपनीने वेळापत्रक निम्मं केलं त्या तिमाहीत तिथली अर्धी मशीनं कापडाने झाकलेली होती.

पैसे मागताना बरेचजण संकोचतात. मागणं अपमानाचं नाही, आणि मागण्याची एक रीत आहे. बिलाची तारीख आणि रक्कम नेमकी सांगा, तक्रार करू नका, पुढची पायरी स्पष्ट करा. "मालक, बारा तारखेचं साठ हजारांचं बिल आज तीस दिवसांचं झालं. आज अर्धे पाठवता का? उरलेल्यांची तारीख सांगा. पुढचा लॉट तयार करून ठेवतो, तेवढं जमा झालं की लगेच गाडीत घालतो." याच्यापेक्षा जास्त बोलायची गरज नसते. मिळालेली तारीख फोनवरच्या संदेशात लिहून पाठवा, म्हणजे दोघांनाही आठवण राहते.

किरकोळ दुकानदार तुमचं गिऱ्हाईक असेल तर पिग्मीची पद्धत उपयोगी पडते. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने उडुपीकडून सुरू केलेली ही रोजच्या लहान वसुलीची रीत आपल्या भागात हाडीमासी खिळली आहे. रोज संध्याकाळी शंभर-दोनशे रुपये बाजूला काढायची दुकानदाराला सवय आहे. महिन्याच्या शेवटी एकदम पाच हजार मागण्याऐवजी रोज किंवा दोन दिवसांआड यूपीआयने थोडे घेत जा. गणपत गल्लीतला किंवा खडेबाजारातला दुकानदार मोठी रक्कम पुढे ढकलतो, लहान रक्कम सहसा टाळत नाही.

सातवी पायरी: भाषा आणि कचेरी

आपण मराठीत विचार करतो, मराठीत व्यवहार करतो, आणि सीमाप्रश्नाची सल आपल्या घराघरांत आहे. ती भावना मी कमी लेखत नाही. तरी धंदा करताना कन्नड बोलता-वाचता येणं हे भांडवल आहे. परवाने, हेस्कॉम, पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र, कामगार खातं, सगळीकडे अर्ज आणि पत्रं कन्नडमध्ये असतात. न वाचता सही केलेला कागद पुढे महागात पडतो. २०२४ च्या कायद्यानुसार दुकानं आणि आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये हवा, तेव्हा बोर्ड रंगवण्याआधीच तो हिशेब करा आणि उरलेल्या जागेत मराठी ठळकपणे लिहा.

गिऱ्हाइकाशी मात्र त्याच्या भाषेत बोला. अथणी-गोकाकच्या दुकानदाराला कन्नड, कोल्हापूर-चंदगडला मराठी, गोव्यात कोंकणी-मराठी. बेळगावच्या पोरांना हे जन्मजात येतं. पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या कंपनीला अशी माणसं पगार देऊन शोधावी लागतात. पॅकिंगवर दोन-तीन भाषा घाला, वसुलीच्या संदेशाचे तिन्ही भाषांतले नमुने तयार ठेवा.

आठवी पायरी: माणसं

गोगटे अभियांत्रिकी उद्यमबागेतच आहे, मराठा मंडळाचं महाविद्यालय आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात आहे. तरी शिकलेली पोरं पुण्याला आणि बेंगळूरला जातात. पगारात तुम्ही त्यांच्याशी बरोबरी करू शकणार नाही. तुम्ही दुसरं देऊ शकता: घरचं जेवण, आईवडिलांजवळ राहणं, आणि पहिल्या वर्षापासून पूर्ण काम अंगावर घेण्याची संधी. पाच-सात वर्षं बाहेर काम करून परत यायच्या विचारात असलेली माणसं शोधा, ती टिकतात. पगार मात्र ठरल्या तारखेला, एकही दिवस पुढे नाही. तुमची वसुली लांबली हे कामगाराला सांगायचं कारण होऊ शकत नाही.

नववी पायरी: बाहेरचं भांडवल

पैसे उभे करायचा क्रम असा ठेवा: गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम, स्वतःची बचत, सरकारी योजनेतलं कर्ज, बँकेची कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज), आणि शेवटी गुंतवणूकदार. नातेवाइकांकडून घेतलेच तर परतफेडीच्या तारखा लिहून द्या.

पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. प्रवर्ग आणि ठिकाण बघून १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, ग्रामीण भागाला जास्त. मुद्रा कर्ज आता २० लाखांपर्यंत जातं, पण वरचा टप्पा आधीचं कर्ज नीट फेडणाऱ्यालाच मिळतो. अर्ज करताना योजना त्या वेळी चालू आहे का, हे बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. अनुदान हातात पडायला वेळ लागतो, म्हणून ते मिळालंच असं धरून खर्च करू नका. आणि मुदत कर्जाने मशीन घेताना खेळत्या भांडवलाची मर्यादाही त्याच वेळी मंजूर करून घ्या. मशीन आलं, पण लोखंड घ्यायला पैसे नाहीत, ही अवस्था फार जणांची होते.

तंत्रज्ञानाचं काम असेल तर कर्नाटक सरकारच्या एलिव्हेट योजनेत ५० लाखांपर्यंतचं अनुदान आहे, बेंगळूरबाहेर उद्योग वाढवण्याच्या धोरणात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक समूह धरला आहे, आणि हुबळीत देशपांडे स्टार्टअप्ससारखं केंद्र दोन तासांवर आहे. तिथे जा, बसा, माणसं ओळखा. गुंतवणूकदाराचे पैसे मात्र तुमच्या वहीतलं चक्र घट्ट झाल्यावर घ्या. ६० दिवसांची उधारी असलेल्या धंद्यात आलेली गुंतवणूक गिऱ्हाइकांच्या खिशात जाऊन बसते.

दहावी पायरी: दुसरं गाव

वाढायचं कधी? मी एकच कसोटी लावतो. सलग दोन हंगाम, म्हणजे एक चांगला आणि एक मंदीचा, सरासरी वसुली ठरलेल्या दिवसांत आली, लाल यादी वाढली नाही आणि तुम्ही आठवडाभर गावाला गेलात तरी शनिवारची यादी कुणीतरी बरोबर काढली, तर दुसरं गाव धरा.

गाव निवडताना अंतरापेक्षा हंगाम बघा. ऊसपट्ट्यात बसलेल्याने आणखी एक ऊसगाव जोडलं तर बिलं लांबली की दोन्हीकडे एकदम कोरड पडते. त्याने कारखानदारीचं किंवा शहरी गिऱ्हाईक जोडावं. नव्या गावात पहिले तीन महिने फक्त रोखीने विका, विक्री कमी झाली तरी चालेल. त्या काळात कोण वेळेवर देतो आणि कोण देत नाही हे बाजारातूनच कळतं, जुन्या आडत्याकडे, वाहतूकवाल्याकडे, पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाकडे ही माहिती असते. त्यांना भेटा, चहा घ्या, नावं विचारा, आणि मगच त्या गावातल्या प्रत्येकाची उधारीची मर्यादा वहीत लिहा.